म्रियाच्या आधी रुस्लान

५ फेब्रुवारी २०२२ ला म्रिया, म्हणजे युक्रेनच्या अँटोनोवचं एएन-२२५ हे जगातलं सगळ्यात मोठं मालवाहू विमान, शेवटची घरी आली. चीनच्या तिआनजिनहून कोविड टेस्टचा माल घेऊन ती डेन्मार्कमधल्या बिलुंडला गेली होती, तिथे माल उतरवला आणि ती कीवजवळच्या होस्टोमेलला, म्हणजे तिच्या कायमच्या मुक्कामी परतली. सीमेपलीकडे रशियाची फौज जमलीय हे तोवर अख्ख्या जगाला दिसत होतं. विमान युरोपात होतं, धडधाकट उडत होतं, तरी ते होस्टोमेललाच आणून उभं केलं, मग इंजिनाचं काम निघालं आणि १९ दिवसांनी, २४ फेब्रुवारीला, रशियाचे सैनिक हेलिकॉप्टरमधून त्याच विमानतळावर उतरले. २७ तारखेला युक्रेन सरकारने सांगितलं की म्रिया गेली. नंतर शेडखालचे फोटो आले, पुढचा सगळा भाग जळून कोसळलेला आणि मागे दोन शेपट्या तशाच उभ्या. मला ते फोटो आजही धड बघवत नाहीत.

तेव्हापासून एकच मागणी परत परत वर येते, म्रिया पुन्हा बांधा. राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्की यांनीही मे २०२२ मध्ये अर्धवट पडलेली दुसरी म्रिया पूर्ण करायची इच्छा बोलून दाखवली होती आणि विमानांवर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाला ते ऐकून बरं वाटलं असणार, मलाही वाटलं. पण तीन वर्षं यावर विचार करून माझं मत आता पक्कं झालंय. अँटोनोव एअरलाइन्स ही युक्रेनची सरकारी कार्गो एअरलाइन आहे, तिच्याकडे आत्ता जो काही पैसा आहे, जी काही हुशार माणसं शिल्लक आहेत, ती सगळी उरलेल्या रुस्लानांवर, म्हणजे म्रियाहून लहान अशा तिच्या एएन-१२४ मालवाहू विमानांवर, लागली पाहिजेत. म्रिया नंतर. आणि हे मी म्रियावर कमी प्रेम आहे म्हणून म्हणत नाहीये, म्रिया परत उडताना बघायची असेल तर दुसरा रस्ताच नाहीये म्हणून म्हणतोय.

ही एअरलाइन नेमकी काय चीज आहे ते आधी सांगायला हवं, कारण सरकारी एअरलाइन म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर तोट्यातली पॅसेंजर कंपनी येते. इथे तसं नाहीये. ओलेग अँटोनोव यांचा डिझाइन ब्युरो १९४६ मध्ये नोवोसिबिर्स्कला सुरू झाला आणि १९५२ मध्ये कीवला आला. त्याच ब्युरोने १९८९ मध्ये स्वतःची एअरलाइन काढली. म्हणजे ज्यांनी विमान कागदावर काढलं तेच ते भाड्याने उडवायला लागले, असं जगात जवळजवळ कुठेच सापडत नाही. एअर फॉयल नावाच्या ब्रिटिश कंपनीने त्यांना पश्चिमेकडची गिऱ्हाइकं मिळवून दिली. दोनच वर्षांत सोव्हिएत युनियन मोडलं, लष्कराच्या ऑर्डरी आटल्या, मोठमोठे कारखाने बंद पडले, पण हा ब्युरो तगला तो या चार्टरच्या डॉलरवर. दिवसाच्या ठराविक वेळेला ठराविक शहरात जाणारी ही एअरलाइन नाही, तिचं टाइमटेबलच नाही. कुणाचा तरी अवजड माल कुठेतरी अडकतो, फोन येतो, रेट ठरतो, वाटेतल्या देशांच्या परवानग्या निघतात आणि विमान निघतं.

मी एअर कार्गोच्या कामात बरीच वर्षं काढलीत. ओडीसी, म्हणजे नेहमीच्या मापात न बसणारा माल, हा आमच्या धंद्यातला सगळ्यात डोकं खाणारा प्रकार. एकदा एका पॉवर प्लांटचा रोटर न्यायचा होता, पन्नास-साठ टनांचा लोखंडी गोळा, आणि त्यासाठी रुस्लान आला होता. विमान थांबलं, इंजिनं बंद झाली आणि आधी बराच वेळ काहीच होईना. मग नाक हळूहळू वर उचललं गेलं, पार कॉकपिटच्या वर, आणि समोरून विमान म्हणजे एक उघडं गोदाम दिसायला लागलं. मग पुढची चाकं आत गेली आणि ते अख्खं धूड उंटासारखं गुडघे टेकून पुढे वाकलं, आतून रॅम्प बाहेर आला. क्रेन बाहेरून मागवायची गरज नाही, छताला यांच्या स्वतःच्या क्रेन आहेत. निळ्या ओव्हरऑलमधली माणसं भराभर खाली उतरली, कुणी रेल टाकतंय, कुणी विंच ओढतंय, कुणी साखळ्यांचे हूक लावतंय, हायड्रॉलिक तेलाचा वास सगळीकडे. त्यांचा लोडमास्टर पन्नाशीचा असेल, तो हातात एक जुना कागद घेऊन प्रत्येक साखळीजवळ जाऊन ती हाताने दाबून बघत होता, एक साखळी त्याने तीनदा सोडून परत आवळायला लावली. आमच्यातला एक जण घाई करायला गेला तर त्याने शांतपणे त्याच्याकडे बघितलं आणि परत कामाला लागला. पहाटेपर्यंत लोडिंग चाललं. त्या रात्री मला कळलं की गिऱ्हाईक पैसे या माणसांचे देतं, विमान हे त्यांच्या हातातलं हत्यार आहे.

आता बाजारात याला पर्याय काय? रुस्लान पहिल्यांदा २४ डिसेंबर १९८२ ला उडाला. पोटातली जागा साधारण ३६ मीटर लांब, ६.४ मीटर रुंद आणि ४.४ मीटर उंच, वजन १२० टनांपर्यंत आणि सुधारलेल्या प्रकारात १५० टनांपर्यंत. बोइंग ७४७ चं फ्रेटर, म्हणजे मालवाहू रूप, वजनात मागे नाही, ७४७-८ तर १३० टनांच्या पुढे नेतं, पण त्याचं नाक उघडलं तरी वर कॉकपिट बसलेलं असतं त्यामुळे समोरून अडीच मीटरच्या आसपासच उंचीचा माल आत जातो, शिवाय त्याचं दारच इतक्या उंचावर की खालून उचलायला वेगळं मशीन लागतं. त्याचंही उत्पादन संपलं, शेवटचं ७४७ जानेवारी २०२३ मध्ये ताब्यात दिलं गेलं. अमेरिकेचं सी-१७ ७७ टनांचं, ते लष्करी, आणि त्याचंही उत्पादन २०१५ मध्ये थांबलं. म्हणजे पुढून-मागून दोन्हीकडून उघडणारं, स्वतःची क्रेन बाळगणारं, भाड्याने मिळणारं मोठं विमान म्हणजे रुस्लान आणि रुस्लानच. असे एकूण पंचावन्नच्या आसपास बांधले गेले, कीव आणि उल्यानोव्स्क या दोन ठिकाणी, आणि नवीन आता कुणीच बांधत नाहीये.

हे सगळं फक्त मोठ्या कंपन्यांचे टर्बाइन आणि सॅटेलाइट नेण्यापुरतं असतं तर मी एवढं लिहीत बसलो नसतो. २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला तेव्हा जपानहून बांधकामाच्या अवजड गाड्या म्रियानेच शेजारच्या डॉमिनिकन रिपब्लिकपर्यंत नेल्या. २०११ मध्ये फुकुशिमाच्या अणुभट्ट्या थंड करायला लांब हातांचे महाकाय काँक्रीट पंप हवे होते, तेही अँटोनोवच्याच विमानांतून गेले. एप्रिल २०२० मध्ये म्रिया चीनहून मास्क आणि किट भरून वॉर्साला उतरली. मे २०२१ मध्ये आपल्याकडे ऑक्सिजनवाचून माणसं जात होती तेव्हा ब्रिटनने पाठवलेले १८-१८ टनांचे तीन ऑक्सिजन जनरेटर बेलफास्टहून दिल्लीला आले ते एएन-१२४ मधूनच. ते दिवस ज्यांनी हॉस्पिटलच्या दारात काढलेत त्यांना १८ टनांचा अख्खा ऑक्सिजन प्लांट एका उड्डाणात येणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. आणि मे २०१६ मध्ये म्रिया प्रागहून पर्थला ११७ टनांचा जनरेटर घेऊन जाताना हैदराबादला उतरली होती, तेव्हा तिला बघायला लोकांनी केलेली गर्दी आठवत असेल.

तर मग म्रियाच का नको?

याचं उत्तर अँटोनोवच्या स्वतःच्याच इतिहासात आहे आणि रीबिल्डच्या चर्चेत ते फारसं कुणी काढत नाही याचं मला नवल वाटतं. म्रिया बांधली होती बुरान या सोव्हिएत स्पेस शटलला पाठीवर घेऊन जायला. म्हणून तर तिला दोन शेपट्या, मधली जागा शटलसाठी मोकळी. २१ डिसेंबर १९८८ ला ती उडाली, १९८९ च्या पॅरिस एअर शोला बुरान पाठीवर घेऊन गेली, सगळं जग बघत राहिलं. मग देश मोडला, बुरान बंद पडला आणि म्रियाला काम उरलं नाही. १९९४ मध्ये ती उभी करून ठेवली आणि तिची इंजिनं काढली. ती इंजिनं गेली रुस्लानांना. दोन्ही विमानांचं इंजिन एकच आहे, डी-१८टी, रुस्लानला चार आणि म्रियाला सहा. त्या वेळी त्या लोकांनी छातीवर दगड ठेवून ठरवलं की कमावणारं विमान आधी उडलं पाहिजे. रुस्लान उडत राहिले, पैसे येत राहिले, ब्युरोतली माणसं टिकली, आणि मग मोटर सिच या इंजिन कारखान्याने साथ दिल्यावर मे २००१ मध्ये म्रिया दुरुस्त होऊन परत आकाशात गेली. त्याच वर्षी तिने २५३ टनांचा माल उचलून दाखवला. सात वर्षं मेल्यासारखं पडलेलं विमान जिवंत झालं ते रुस्लानांच्या कमाईवर पोसलेल्या हातांनी. आज जे लोक आधी म्रिया म्हणतायत ते हाच क्रम उलटा करायला सांगतायत.

पैशाचं बघू. सुरुवातीला युक्रोबोरोनप्रोमने, म्हणजे अँटोनोव ज्याच्या अखत्यारीत होतं त्या सरकारी समूहाने, ३ अब्ज डॉलरच्या वरचा आकडा दिला होता आणि पाच वर्षांहून जास्त वेळ. नंतर नोव्हेंबर २०२२ मध्ये अँटोनोवने स्वतः किमान ५० कोटी युरो लागतील असं सांगितलं आणि सुमारे ३० टक्के भाग हाताशी आहेत असंही. जळालेल्या विमानातून जे वाचलं ते आणि कीवच्या कारखान्यात ऐंशीच्या दशकापासून अर्धवट पडलेला दुसरा सांगाडा, हे मिळून ते करायचं. दोन आकड्यांत एवढा फरक आहे की खरा खर्च कुणालाच धड माहीत नाही हे उघड आहे, आणि ज्या कामाचा खर्च सहापट इकडे-तिकडे होऊ शकतो ते काम युद्ध चालू असलेल्या देशाच्या सरकारी कंपनीने अंगावर घ्यावं हे मला पटत नाही. बरं पैसा कुणी दिलाही, एखाद्या श्रीमंत माणसाने किंवा लोकवर्गणीतून आला, तरी इंजिनांचं काय? डी-१८टी चं घर झापोरिझ्झिया, आणि झापोरिझ्झिया आघाडीपासून किती जवळ आहे ते नकाशात बघा. मोटर सिचवर क्षेपणास्त्रं पडलीत. नवीन म्रियासाठी सहा इंजिनं म्हणजे दीड रुस्लान जमिनीवर बसवणं आणि तेही जुन्यातूनच उभी करायची इंजिनं. इंजिनांचं वय हा गमतीचा विषय नाहीये, नोव्हेंबर २०२० मध्ये नोवोसिबिर्स्कहून निघालेल्या एका रशियन कंपनीच्या रुस्लानचं इंजिन हवेत फुटलं होतं, तुकडे विमानात घुसले, परत उतरताना ते धावपट्टी सोडून पलीकडे बर्फात जाऊन थांबलं. त्यातले सगळे वाचले हे नशीब आणि त्या पायलटचं कौशल्य.

म्रियाला काम तरी किती होतं हेही प्रामाणिकपणे बघायला हवं. ऑगस्ट २००९ मध्ये तिने फ्रँकफर्ट हानहून येरेवानला एका पॉवर स्टेशनचा जनरेटर नेला, एकच नग १८७ टनांचा, तो रुस्लानच्या आवाक्याबाहेरचा होता. २०१० मध्ये तिआनजिनहून डेन्मार्कला ४२ मीटर लांब पवनचक्कीची पाती नेली. अशी कामं खरोखर फक्त तिचीच. पण अशी कामं वर्षातून मोजकीच येतात. एरवी ती जे न्यायची ते बरंचसं दोन रुस्लानांतून जाऊ शकतं. तिला मागचा रॅम्पही नाही, वजन वाचवायला तो काढून टाकला होता, म्हणून चढवणं-उतरवणं सगळं नाकातूनच. पंखांचा पसारा ८८ मीटरच्या वर, प्रत्येक विमानतळावर ती मावेलच असं नाही. तिचं असणं हाच तिचा मोठा उपयोग होता, तिच्यामुळे अँटोनोवचं नाव लहान मुलांनाही माहीत झालं, आणि नावाला धंद्यात किंमत असते हे मी स्वतः धंद्यात असल्यामुळे जाणतो. पण पोट भरतंय ते रुस्लानांवर.

आता दुसरी बाजू, आणि ही बाजू मला सहज उडवून लावता येत नाही. युक्रेनियन भाषेत म्रिया म्हणजे स्वप्न. ज्या देशाची शहरं रोज रात्री क्षेपणास्त्रांखाली आहेत तो देश म्हणतो की तुम्ही आमचं स्वप्न जाळलंत, आम्ही ते परत उभं करू, तर लांब बसून हिशोब सांगणारा मी कोण? माझ्या ओळखीतल्या एका तरुण इंजिनियरने मला हेच विचारलं होतं, रुस्लानचे टायर बदलायला कुणी वर्गणी देईल का, पण म्रियासाठी लोक देतील. त्याचं म्हणणं खरं आहे. लोक स्वप्नासाठी देतात, मेंटेनन्ससाठी नाही. पण म्हणूनच तर विमान सरकारी मालकीचं असावं लागतं ना? ज्या गोष्टीसाठी टाळ्या पडत नाहीत ती करत राहणं हेच सरकारी मालकीचं काम. टायर, चाकातली बेअरिंग, गंज तपासणं, इंजिन उतरवून तपासून परत चढवणं. वर्गणी येत असेल तर तिचा वेगळा फंड ठेवा, हिशोब जाहीर करा, दुसऱ्या सांगाड्याची ड्रॉइंग्ज कॉम्प्युटरवर आणायचं काम त्यातून चालू ठेवा, त्याला माझा काहीच विरोध नाही. पण कारखान्यातला अनुभवी मेकॅनिक एकच आहे, तो सोमवारी रुस्लानवर आणि मंगळवारी म्रियावर असं नाही चालत, यातली बरीच माणसं वयस्क आहेत आणि काही आज सैन्यात आहेत.

आणि जे जळलं ते का जळलं याचं उत्तर मिळाल्याशिवाय नवीन बांधायची घाई तर मुळीच नको. युक्रेनच्या एसबीयू या सुरक्षा यंत्रणेने कंपनीच्या माजी वरिष्ठ अधिकाऱ्यांवर आरोप ठेवलेत की हल्ल्याच्या आधी होस्टोमेलच्या संरक्षणाची तयारी करायला आलेल्या नॅशनल गार्डला त्यांनी विमानतळावर आडकाठी केली. विमान वेळेत जर्मनीतल्या लाइपझिगला का हलवलं नाही हा प्रश्न तर कंपनीतल्या पायलटांनीही उघडपणे विचारला. दुसरी बाजू सांगते की एक इंजिन उतरवलेलं होतं, विमान उडण्याच्या स्थितीत नव्हतं. खरं-खोटं कोर्ट ठरवेल, मी ठरवू शकत नाही. पण मला जे खुपतं ते वेगळं आहे. म्रिया सगळ्या देशाची होती, आणि ती हलवायचा निर्णय नेमका कुणाचा हे तीन आठवडे कुणाच्याच कपाळावर लिहिलेलं नव्हतं. संचालक म्हणणार वरून आदेश नाही, वरचे म्हणणार धंद्याचं ते बघतात. सरकारी कंपनीचा हा जुना आजार आहे, वस्तू सगळ्यांची पण किल्ली कुणाकडे ते विचारू नका. हा आजार बरा न करता त्याच कंपनीच्या हातात ५० कोटी युरोचं नवीन विमान द्यायचं? इंजिन काढायचं असेल तर कुठल्या देशात काढायचं, धोका कुठल्या पातळीला गेला की सगळी विमानं बाहेर न्यायची, तो हुकूम कोण देणार आणि तो नसेल तर त्याच्या जागी कोण, हे एका कागदावर लिहून सहीनिशी ठेवणं याला काहीच खर्च नाही.

यावर बरेच जण लगेच म्हणतात की मग विकून टाका, खासगी मालक असता तर स्वतःच्या पैशाची काळजी म्हणून जानेवारीतच विमान लाइपझिगला नेलं असतं. नेलं असतंही, हे मी मान्य करतो. पण खासगीचं काय झालं तेही बघू. रुस्लानांच्या धंद्यात सगळ्यात मोठी कंपनी अँटोनोव नव्हती, रशियाची खासगी व्होल्गा-नेप्र होती, तिच्याकडे डझनभर रुस्लान होते. २००६ पासून २०१६ पर्यंत दोघांनी मिळून रुस्लान इंटरनॅशनल या नावाने एकत्र मार्केटिंग केलं, आणि नाटो देशांचं सॅलिस नावाचं जे कंत्राट २००६ मध्ये सुरू झालं, ज्यात लाइपझिगला रुस्लान तयार ठेवायचे असतात, त्यातही दोघे होते. मग संबंध तुटले, २०१८ मध्ये व्होल्गा-नेप्र त्या कंत्राटातून बाहेर पडली, आणि २०२२ च्या निर्बंधांनंतर पश्चिमेच्या बाजारातून एका फटक्यात नाहीशी झाली. खासगी असल्याने ती वाचली नाही. आणि अँटोनोव विकली तर घेणारा विमानं घेईल, ब्युरो घेणार नाही. ड्रॉइंगं सांभाळणारी, विमानाला अजून इतकी वर्षं उडता येईल असं तपासून सही करणारी माणसं नफ्यातोट्याच्या कागदावर फक्त खर्च दिसतात. ती गेली की रुस्लान हे कुणाच्याच जबाबदारीचं नसलेलं जुनं विमान होतं, आणि असं विमान कुठलाही देश आपल्या आकाशात येऊ देणार नाही. म्हणून सरकारी मालकी हवीच, पण किल्ली कुणाकडे ते लिहून.

सध्या काय चाललंय? युद्ध लागलं तेव्हा जे रुस्लान बाहेर होते किंवा वाचले असे पाच लाइपझिगहून काम करत राहिले. घर पडलं, विमानतळ उद्ध्वस्त, कर्मचाऱ्यांची कुटुंबं विखुरलेली, आणि तरी चार्टर चालू, युक्रेनसाठी मदतीचा मालही चालू, पोलंडपर्यंत विमानाने आणि पुढे रस्त्याने. युक्रेनचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे. एक रुस्लान मात्र कीवमध्ये स्व्यातोशिनच्या कारखान्यात अडकून पडला होता. त्याच्यावर तीन वर्षं काम चाललं, सायरन वाजत होते, वीज जात होती, वरून ड्रोन येत होते. आणि ११ जुलै २०२५ ला तो उडाला. लोकांनी घरांच्या खिडकीतून व्हिडिओ काढले, अगदी खालून, एवढं मोठं पांढरं विमान शहरावरून पश्चिमेला चाललंय. त्या दिवशी तो लाइपझिगला पोचला. मी तो व्हिडिओ किती वेळा बघितला असेल सांगता येणार नाही. ज्या मेकॅनिकांनी हे केलं त्यांनी एकही नवीन विमान बांधलं नाही, पण पाचाचे सहा केले, आणि माझ्या मते गेल्या तीन वर्षांतलं विमानांच्या जगातलं हे सगळ्यात मोठं काम आहे.

सातवा होस्टोमेलला हल्ल्यात खराब झालेला. आणि आणखी एक आहे, टोरंटोत. २७ फेब्रुवारी २०२२ ला व्होल्गा-नेप्रचा एक रुस्लान कॅनडात कोविड टेस्ट घेऊन उतरला आणि त्याच दिवशी कॅनडाने रशियन विमानांना आकाश बंद केलं. तो तिथेच राहिला. जून २०२३ मध्ये पंतप्रधान ट्रुडो कीवला गेले असताना कॅनडाने तो जप्त केल्याचं जाहीर केलं, पुढे तो युक्रेनला द्यायचा असा विचार आहे, मालक कंपनी त्याविरुद्ध कायद्याने झगडतेय. किती हिवाळे उघड्यावर काढलेलं विमान, सील सुकलेले असणार, टायर चपटे, इंजिनं खोलून तपासावी लागणार. पण ते उभं विमान आहे, सगळे भाग जागेवर आहेत. युक्रेन सरकारला कॅनडाकडे हट्ट धरायचा असेल तर याचा धरावा, कोर्टाचा निकाल लागेपर्यंत निदान देखभालीसाठी अँटोनोवच्या माणसांना आत जाऊ द्या म्हणून आत्ताच मागणी करावी, कारण प्रत्येक हिवाळ्यागणिक त्या विमानातून काहीतरी कमी होतंय. ते उडवण्याजोगं निघालं तर उत्तमच, एका रुस्लानची भर. नाही निघालं तर सुटे भाग आणि चार डी-१८टी. ती चार इंजिनं हातात आली की परत कुणीतरी म्रियासाठी ठेवा म्हणणार हे मला माहीत आहे, तरी ती आधी लाइपझिगला जाऊ देत.